बेतून शिवलेलें सॉफ्टवेअर

"अरे, हा क्लायंट म्हणजे आहे तरी कोण, कीं ज्याच्यापायीं तुला रात्रीं साडेनऊ वाजतां ताटावरून उठावें लागतें?" असा प्रश्न आमच्या शेजारच्या आजीबाईंनीं आपल्या नातवास एके दिवशीं केला. "आजी, तें आमचें गिऱ्हाईक," एवढेंच उत्तर देऊन नातू खोलीचें दार लावून यंत्रापुढें जाऊन बसला. आपल्याकडे रात्र असतांना न्यूयॉर्कला दुपार व्हावयाची असते, हें आजीबाईंना ठाऊक होतें. त्यांचें कोडें निराळेंच होतें. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, गिऱ्हाईक दुकानांत येतें, माल पाहतें, घासाघीस करतें, पैसे टाकतें आणि जातें. ह्याचें गिऱ्हाईक वर्षभर नुसतें बोलत असतें. इतकें बोलावयाचें तरी काय असतें हो?"

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. 1968 सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली, तेव्हां ह्या धंद्याचें नांवहि आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नव्हतें. आज मुलगा, मुलगी, सून किंवा जांवई ह्यांपैकीं एकहि जण ह्या व्यवसायांत नाहीं असें सुशिक्षित कुटुंब शोधावें लागेल. असें असूनहि त्यांचें काम नेमकें चालतें कसें, हें घरांतील वडील मंडळीस बहुधा माहीत नसतें, आणि तें समजावून सांगण्याइतकी सवड त्या तरुण मंडळीस नसते.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. संगणकाशीं त्याचा परिचय बेताचाच. परंतु आमच्या गांवच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असल्यामुळें ह्या धंद्याशीं गिऱ्हाईक ह्या नात्यानें माझा दोनदां संबंध आला. एकदां हात पोळले, एकदां कार्य सिद्धीस गेलें. त्या दोन अनुभवांच्या आधारें आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा यत्न आहे.

तयार कपडा आणि शिंपी

यंत्रानें काय करावें, कोणत्या क्रमानें करावें आणि कोणत्या परिस्थितींत करूं नये, ह्यासंबंधींच्या आज्ञांची मालिका म्हणजे सॉफ्टवेअर. म्हणूनच मराठींत त्यास 'आज्ञावली' असाहि शब्द आहे. ही आज्ञावली दोन प्रकारें मिळते. एक तयार; पत्रें लिहिण्याची, हिशेब ठेवण्याची, चित्रें पाहण्याची. ती लाखों लोकांसाठीं एकदांच केलेली असते आणि दुकानांतल्या तयार सदऱ्याप्रमाणें आपण आपलें अंग तिच्यांत बसवून घ्यावयाचें असतें. दुसरी एका विशिष्ट संस्थेसाठीं बेतून शिवलेली. ही दुसरी शिवून देणाऱ्या ज्या पेढ्या, त्यांस सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी म्हणतात. अशा पेढींत आज्ञा लिहिणारे असतात, त्या तपासणारे असतात, कामाचें वेळापत्रक सांभाळणारे असतात. आणि ह्या सर्वांच्या आधीं, गिऱ्हाइकासमोर बसून त्याचें म्हणणें समजून घेणारे असतात.

शिंप्याचा दृष्टान्त येथपर्यंत ठीक. पुढें तो तोकडा पडतो. शिंपी माप अंगावरून घेतो. फीत लावली कीं खांदा किती व छाती किती हें कळतें. त्यासाठीं गिऱ्हाइकानें तोंड उघडण्याचेंहि कारण नाहीं. सॉफ्टवेअरचें माप संस्थेच्या वागणुकीवरून घ्यावें लागतें, आणि वागणुकीस फीत लावतां येत नाहीं. ती विचारून घ्यावी लागते. शिवाय माणसाचें किंवा संस्थेचें असें आहे कीं, आपण रोज जें करतों तेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं.

पहिला अनुभव

आमचें वाचनालय शंभर वर्षांहून जुनें. सुमारें 40,000 ग्रंथ, तीनशेंवर हस्तलिखित पोथ्या आणि नऊशें सभासद. हा सारा प्रपंच जाड बांधणीच्या नोंदवह्यांवर आणि आमच्या वृद्ध ग्रंथपालांच्या स्मरणावर चालत असे. ग्रंथपालांनीं सत्तरी ओलांडलेली, दृष्टि अधू होत चाललेली, आणि एक-दोन वर्षांत आपण काम सोडणार असें त्यांनीं सांगून ठेविलेलें. ते गेले म्हणजे कोणती पोथी कोणत्या कपाटांत हें कोण सांगणार, ह्या धास्तीनें मंडळानें सर्व व्यवहार संगणकावर नेण्याचें ठरविलें. सभासदांपुढें हात पसरला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनीं आपलें एका महिन्याचें निवृत्तिवेतन आणून दिलें. तो पैसा हातीं घेतांना मला संकोच वाटला होता.

आम्हीं तीन पेढ्यांकडून दर मागविले आणि सर्वांत स्वस्त दर स्वीकारला. आम्हांस काय हवें ह्याची दोन पानी यादी मींच लिहिली : ग्रंथांची नोंद, सभासदांची नोंद, देवघेव, उशिराचा दंड, वार्षिक अहवाल. यादी सुवाच्य होती, शुद्ध होती, आणि मला तिचा थोडा अभिमानहि वाटत होता. पेढीच्या मंडळींनीं ती घेतली, निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि सात महिन्यांनीं सॉफ्टवेअर आणून बसविलें. मधल्या सात महिन्यांत त्यांनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींहि त्यांस काय चाललें आहे म्हणून पुसलें नाहीं.

मग एकेक गंमत दिसूं लागली. 1962 सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळें आमच्या जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर 'कांहीं' आणि नव्यांच्या मुखपृष्ठांवर 'काही' असें छापलेलें. यंत्राच्या लेखीं हे दोन निराळे शब्द. एक शोधला तर दुसरा सांपडेना. मराठी वर्णमालेंत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. संगणकाच्या युनिकोड संकेतांत त्याचें स्थान 'ल'च्या लगेच पुढें आहे. ग्रंथनामांचा अनुक्रम त्या संकेताप्रमाणें लागला आणि आमचे वाचक गोंधळले. पोथ्यांवरील वर्ष शकाचें. शके 1745 म्हणजे इसवी सन 1823. यंत्रानें 1745 हेंच इसवी सन धरल्यामुळें ती पोथी एका रात्रींत 78 वर्षांनीं म्हातारी झाली.

ह्या गोष्टींवर हंसून सोडतां आलें असतें. पुढील मात्र बोचली. आमच्या वाचनालयांत एका कुटुंबाचें एक खातें असतें आणि त्यावर घरांतील कोणीहि तीन पुस्तकें न्यावीं असा पहिल्यापासूनचा रिवाज. नव्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक सभासदास स्वतःचा दूरध्वनि-क्रमांक आवश्यक केलेला होता. ज्या आजीबाईंपाशीं मोबाइल नाहीं त्यांस खातेंच नाहीं. आणि आमच्या सर्वांत निष्ठावंत वाचक त्याच. गणेशोत्सवांत वाचनालय पांच दिवस बंद असतें, त्या दिवसांचाहि दंड यंत्रानें आकारला. पंचाहत्तरी उलटलेल्या वाचकांस आम्ही दंड लावीत नाहीं. यंत्रानें तो लावला, आणि एका वयोवृद्ध सभासदांनीं अपमान समजून राजीनामा पाठविला.

पेढीकडे तक्रार केली, तेव्हां उत्तर आलें, "हें तुमच्या यादींत नव्हतें." मीं यादी पुन्हां वाचली. खरोखरच नव्हतें.

उत्सर्ग आणि अपवाद

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्यांचे पैसे बुडाले होते आणि यादी माझ्या हातची होती. जन्मभर मीं मुलांस व्याकरण शिकविलें आणि त्यांतील पहिलाच धडा स्वतः विसरलों होतों. पाणिनीच्या शास्त्रांत सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमास अपवाद. अपवादाचा विषय सोडून उरेल तेथेंच उत्सर्गाची सत्ता. ज्यास केवळ उत्सर्ग पाठ आहेत त्याचें रूप हटकून चुकतें. मीं पेढीस सारे उत्सर्ग लिहून दिले होते. वाचनालय चाललें होतें अपवादांवर, आणि त्यांतला एकहि मीं लिहिला नव्हता. मीं कांहीं लपविलें नव्हतें. वृद्धांस दंड नसतो हें इतकें उघड होतें कीं, तें सांगावयाचें असतें हेंच मला सुचलें नाहीं. पेढीचा दोष नाहीं असें मी म्हणत नाहीं. ज्याचा हा रोजचा धंदा, त्यानें विचारावयास हवें होतें. परंतु निम्मा दोष आमचा होता.

ही गोष्ट ह्या विद्येच्या अगदीं प्रारंभापासून जाणत्यांच्या लक्षांत आलेली आहे. लंडनची जे. लायन्स आणि कंपनी ही चहा, पाव व केक विकणारी पेढी. केंब्रिज विद्यापीठांत तयार होत असलेल्या संगणकास तिनें 3,000 पौंडांची मदत केली, आणि त्याच्या धर्तीवर स्वतःचें यंत्र उभारून त्याचें नांव 'लिओ' ठेविलें. नोव्हेंबर 1951 मध्यें ह्या यंत्रानें लायन्सच्या भट्टीखात्याचा हिशेब केला. संगणकानें व्यापाराचें नित्याचें काम करण्याचा हा जगांतील आरंभ समजला जातो. पुढें त्यावर चहागृहांच्या मागणीचें काम घेतलें. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेस उद्यांसाठीं पाव किती, केक किती हें रोज कळवावें लागे. काम संगणकावर चढविण्यापूर्वीं डेव्हिड कॅमिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा बारकाईनें अभ्यास केला, आणि असें ठरलें कीं, सोमवारची नेहमींची मागणी, मंगळवारची नेहमींची मागणी, अशी वारांप्रमाणें यंत्रापाशीं नोंदलेलीच असावी. व्यवस्थापिकेनें दुपारीं दूरध्वनीवरून तींत जो फेरफार असेल तेवढाच सांगावा. उत्सर्ग यंत्रानें सांभाळावा, अपवाद माणसानें सांगावा, अशी ही वांटणी झाली. ही युक्ति यंत्रांतून निघाली नाहीं. चहागृहांचें काम कसें चालतें हें पाहिल्यावर ती सुचली. 1954 सालीं लायन्सनें ह्यासाठीं निराळी कंपनी काढली आणि ती इतर कारखान्यांचींहि अशीं कामें करूं लागली. फोर्ड मोटार कंपनीच्या पगाराचे हिशेब त्यांपैकींच एक. आजच्या कन्सल्टन्सीच्या पूर्वजांत ह्या चहावाल्यांची गणना करावी लागेल.

अमेरिकेंतील फ्रेडरिक ब्रुक्स ह्या विद्वान् गृहस्थांनीं आय.बी.एम. कंपनींत संगणकाच्या एका प्रचंड आज्ञावलीचें काम चालविलें होतें. त्यांनीं 1986 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, सॉफ्टवेअर करण्यांतील सर्वांत अवघड भाग म्हणजे काय करावयाचें हें नेमकें ठरविणें. तें चुकलें तर मागाहून दुरुस्त करणें इतर कोणत्याहि चुकीपेक्षां कठीण. मीं हें पुढें वाचलें; आधीं वाचलें असतें तर बाईंचें निवृत्तिवेतन वांचलें असतें.

दुसरा अनुभव

मंडळांत पुष्कळ खडाजंगी होऊन, उरल्यासुरल्या रकमेंत थोडी भर घालून, पुण्याच्या एका लहानशा पेढीस आम्हीं बोलाविलें. एक तिशीच्या आंतील बाई आल्या. मीं ह्या खेपेस दोनाची बारा पानें केलेली यादी त्यांच्या पुढें ठेविली. त्यांनीं ती आदरानें घेतली आणि म्हणाल्या, "सर, ही मी रात्रीं वाचतें. आधीं मला तीन दिवस देवघेवीच्या टेबलाशेजारीं एक खुर्ची मिळेल का?"

तीन दिवस त्या तेथें बसल्या. कोण आलें, काय मागितलें, ग्रंथपालांनीं कोणती वही उघडली, कोणती न उघडतां उत्तर दिलें, हें सर्व टिपीत होत्या. मधून मधून विचारीत, "काका, ह्या गृहस्थांना तुम्ही चवथें पुस्तक कां दिलें?" ग्रंथपाल म्हणत, "अहो, ते परगांवीं राहतात. महिन्यांतून एकदांच येतात." बाई लिहून घेत. चवथ्या दिवशीं त्यांनीं मंडळापुढें सत्तावीस अपवादांची यादी वाचली. त्यांपैकीं अकरा मला माहीतच नव्हते, आणि मी त्या मंडळावर चौदा वर्षें आहें.

मग त्यांनीं चार प्रश्न घातले. हें काम कोणत्या गोष्टींपुरतें? कशासाठीं? तें वापरणार कोण? आणि जें तुम्ही मागतां तें केल्यानें तो हेतु साधतो का? मी चकित झालों. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन, अधिकारी व संबंध असे चार अनुबंध सांगण्याची परंपरा आहे. बाईंना ती ठाऊक नव्हती, आणि तरी त्या बरोबर तेथेंच येऊन पोंचल्या होत्या. 'अधिकारी कोण' ह्या प्रश्नावर आमची फटफजिती झाली. आम्हीं सर्व विचार मंडळाच्या सोयीचा केला होता : अहवाल, तक्ते, आंकडे. टेबलामागें बसणार होती ग्रंथपालांची मदतनीस मुलगी; तिला कोणीं विचारलेंच नव्हतें.

पुढील कामाची तऱ्हा अशी. आधीं कागदावर पेन्सिलीनें पडद्याचीं चित्रें काढून त्यांनीं तीं मदतनीस मुलीपुढें ठेविलीं आणि 'आतां येथें काय दाबशील?' असें विचारलें. कागद खोडावयास पैसा पडत नाहीं. नंतर काय आधीं, काय मागून आणि काय मुळींच नाहीं, ह्याच्या तीन याद्या केल्या. तिसरी यादी करण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. त्यानंतर दर दोन आठवड्यांनीं जेवढें तयार झालें असेल तेवढें चालवून दाखवावें, आम्हीं खरोखरचे ग्रंथ व खरोखरचे सभासद घेऊन तें तपासावें, चुकलें तें सांगावें, आणि मग पुढें जावें. एका होतकरू सभासदानें पूर्वीं जुन्या फाँटांत टंकून ठेविलेली 6,000 ग्रंथांची यादी पडद्यावर देवनागरी दिसे. आंत मात्र त्या फाँटाचे स्वतःचे संकेत होते, जे दुसऱ्या यंत्रास कळत नसत. ती युनिकोडमध्यें पालटून घेतली. अनुस्वार असो वा नसो, शोध दोन्हींचा लागावा अशी सोय केली. शेवटीं एक महिना जुन्या वह्या आणि नवें यंत्र दोन्ही बरोबरीनें चालविलीं, आणि दोहोंचा मेळ बसल्यावरच वह्या कपाटांत गेल्या.

थोडें थोडें करून दाखविण्याची ही रीत त्या बाईंची स्वतःची नव्हे. फेब्रुवारी 2001 मध्यें अमेरिकेंतील युटा राज्यांत स्नोबर्ड येथें ह्या धंद्यांतील सतरा अनुभवी माणसें जमलीं आणि त्यांनीं आपल्या कार्यपद्धतीचा एक छोटासा जाहीरनामा लिहिला. करारावर घासाघीस करण्यापेक्षां गिऱ्हाइकाबरोबर मिळून काम करण्यास अधिक मोल द्यावें, हें त्यांतील एक तत्त्व आहे. हल्लींच्या मुलांच्या तोंडीं जो 'अजाइल' शब्द असतो तो येथूनच प्रचारांत आला.

असें न केल्यास काय होतें ह्याचें मोठें उदाहरण अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तपोलीस खात्याचें, म्हणजे एफ.बी.आय.चें, आहे. गुन्ह्यांच्या तपासाचीं कागदपत्रें संगणकावर आणण्याचें काम 2001 सालीं सुरू झालें. आठशेंवर पानांचें मागणीपत्र झालें, त्यांतहि वरचेवर फेरफार होत गेले, आणि सुमारें सतरा कोटी डॉलर खर्च झाल्यावर 2005 सालीं सर्व टाकून द्यावें लागलें. आठशें पानांपुढें माझीं दोन पानें काय! पुढें दुसरा प्रयत्न झाला, तोहि रेंगाळला. तेव्हां 2010 सालीं खात्यानें तें काम आपल्या हातीं घेऊन लहान तुकडीकडून थोड्या थोड्या हप्त्यांनीं करवून घेतलें, आणि 2012 सालीं तें सर्वत्र चालू झालें.

पैशाचा प्रश्न

वाचकांपैकीं कित्येकजण शाळा, पतपेढी, देवस्थान अशा संस्थांच्या मंडळांवर असतील. त्यांच्यासाठीं व्यवहाराचे चार शब्द.

मोबदला दोन प्रकारें ठरतो. एक उक्तें काम : सर्व मिळून अमुक रक्कम. दुसरें रोजाचें : जितके दिवस माणसें लागतील तितक्यांचे पैसे. उक्त्यांत गिऱ्हाइकास निर्धास्त वाटतें. परंतु पेढी आपल्या जोखमीचें मोल किंमतींत आधींच धरते, आणि मागाहून जरा फेरफार सुचविला कीं 'हें करारांत नाहीं' ही कटकट सुरू होते. रोजाच्या कामांत फेरफार सहज होतो. मात्र काम लांबलें तर खर्च आपल्या माथीं. आम्हीं मधला मार्ग धरला. पहिल्या पंधरा दिवसांच्या पाहणीचे पैसे निराळे दिले आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांचें काम पाहून पुढच्या दोन आठवड्यांची संमति दिली. कोणत्याहि टप्प्यावर थांबण्याची मोकळीक दोघांसहि होती, आणि थांबलों असतों तरी तोंवर झालेलें काम उपयोगी पडलें असतें. पाहणीचे पैसे देतांना मंडळांतील एक सभासद म्हणाले, "नुसतें खुर्चीवर बसण्याचे पैसे?" मला मात्र वैद्याची आठवण झाली. निदानाचे पैसे चुकवून औषधावर खर्च करणारा रोगी शेवटीं दोन्ही घालवितो.

करारांत तीन गोष्टी स्पष्ट असाव्या. लिहिलेली आज्ञावली कोणाच्या मालकीची. आपली माहिती, उद्यां पेढी बदलली तर, दुसऱ्या यंत्रास वाचतां येईल अशा रूपांत परत मिळेल कीं नाहीं. आणि काम संपल्यावर दुरुस्ती कोण व कोणत्या दरानें करणार. आमच्या पहिल्या करारांत ह्यांपैकीं एकहि नव्हती. काम मागें पडलें कीं 'आणखी माणसें लावा' असा आग्रह धरण्याची आम्हां गिऱ्हाइकांस संवय असते, तीहि सोडावी. वर उल्लेखिलेल्या ब्रुक्स ह्यांनीं 1975 सालच्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, उशीर झालेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर त्यास अधिकच उशीर होतो. शाळेंत सत्राच्या मध्यावर नवा शिक्षक आला म्हणजे त्यास वर्गाची माहिती देण्यांत जुन्यांचा वेळ जातो, हें मीं पुष्कळदां पाहिलेलें आहे.

निळी वही

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं मुख्यतः हा लेख लिहिला ती सांगतों.

खुर्चीवर बसल्याच्या तिसऱ्या दिवशीं बाईंच्या लक्षांत आलें कीं, वृद्ध वाचकांस पुस्तक देण्यापूर्वीं ग्रंथपाल खणांतून एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढून पाहतात आणि लगेच ठेवून देतात. त्यांनीं विचारलें तेव्हां ग्रंथपाल लाजले. "तें आपलें माझें खासगी आहे," म्हणाले. पुष्कळ आग्रहानंतर त्यांनीं ती दाखविली. गेल्या तीस वर्षांतील प्रत्येक वृद्ध वाचकानें काय वाचलें ह्याची तींत नोंद होती. कारण तेंच पुस्तक पुन्हां घरीं गेलें तर म्हाताऱ्या माणसाची ती फेरी फुकट जाते. नोंदींच्या बाजूस बारीक अक्षरांत शेरे होते. 'मोठा टाइप द्यावा.' 'प्रवासवर्णन आवडतें. स्वतः कोठें जातां आलें नाहीं.' आणि एका नांवापुढें, 'शोकान्त देऊं नये. मुलगा गेला आहे.'

मंडळ ही वही पाहून हर्षभरित झालें. हें सर्व संगणकांत घालावें, म्हणजे ग्रंथपाल गेल्यावरहि काम अडणार नाहीं, असें मींच सुचविलें. त्या कामाचे बाईंच्या पेढीस आणखी पैसे मिळाले असते. बाई म्हणाल्या, "सर, कोणीं काय वाचलें हें त्यांच्या संमतीनें घालूं. शेरे घालूं नयेत असें मला वाटतें. वहींतलें काकांनाच दिसतें. यंत्रांतलें उद्यां कोणाला दिसेल हें तुम्हांला किंवा मला सांगतां येणार नाहीं. त्या आजींनीं आपलें दुःख काकांना सांगितलें. वाचनालयाला सांगितलेलें नाहीं." मंडळांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. एका वकील सभासदांनीं, 2023 सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे व त्यांत संमतीस मोठें महत्त्व आहे, असें सांगून पुस्ती जोडली. परंतु कायद्याआधींच सर्वांस तें पटलें होतें.

शेवटीं असें ठरलें कीं, वाचलेल्या ग्रंथांची यादी संमति देणाऱ्यांपुरती यंत्रांत असावी, आणि कांहीं नांवांपुढें 'ग्रंथपालांस विचारावें' एवढीच खूण असावी. त्या वर्षीं दिवाळीपूर्वींचे पंधरा दिवस आमचे ग्रंथपाल रोज सायंकाळीं मदतनीस मुलीस जवळ बसवून एकेका वाचकाविषयीं सांगत असत. वही तिच्या स्वाधीन करून ते निवृत्त झाले. यंत्र चांगलें चाललें आहे. राजीनामा दिलेले गृहस्थ परत सभासद झाले आहेत. आणि ती निळी वही अजून खणांतच आहे.

मला वाटतें, ह्या धंद्यांतील उत्तम माणसांची पारख येथें होते. मागितलें तें करून देणारे पुष्कळ मिळतात. मागणें कोठें अपुरें आहे हें विचारणारे थोडे, आणि मागूं नये तें मागितलें असतां स्वतःचें नुकसान सोसून 'नको' म्हणणारे त्याहून थोडे. आणि गिऱ्हाइकाकडूनहि कांहीं अपेक्षा असते : त्यानें वेळ द्यावा, आपल्या घरचे अपवाद न लाजतां सांगावे, आणि यादी करण्यापूर्वीं टेबलामागें कोण बसणार आहे त्यास विचारावें.

हें सर्व मीं आमच्या शेजारच्या आजीबाईंना सविस्तर सांगितलें. म्हटलें, तुमचा नातू रात्रीं बसून त्या परदेशच्या मंडळीस त्यांचे अपवाद विचारीत असतो. आणि ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नसल्यामुळें पुन्हां पुन्हां विचारावें लागतें. आजीबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें व मान डोलावली.

"पटलें हो गुरुजी," त्या म्हणाल्या. "पण मग त्याला सांगा, आमच्या घरीं साडेनऊला जेवण असतें, हाहि एक अपवाद त्यांच्या कानावर घाल म्हणावें."